नमुन्यांची बॅग

बॅगेत बारा टॉवेल, तीन नॅपकिन,
आणि एक चादर. ती विकायची नसते, दाखवायची.
लुधियानात गल्ल्यावरचा माणूस
टॉवेल गालाला लावून बघतो,
कहाँ से?
मी म्हणतो, महाराष्ट्र.
अच्छा, बंबई!
त्याचा मेहुणा असतो अंधेरीत.
मी सांगत नाही
की आमच्याकडून मुंबई म्हणजे एक आख्खी रात्र,
आणि समुद्र मी सव्विसाव्या वर्षी पाहिला,
तोही विशाखापट्टणमला, पेमेंट अडकलं होतं म्हणून.
मी मान हलवतो.
मान हलवल्यानं ऑर्डर दोन डझनांनी वाढते.

पुण्यात राज्य सांगावं लागत नाही,
जिल्हा पुरतो.
सोलापूर म्हटलं की समोरचा खुलतो: चादर!
जणू आम्हाला घड्या घालून ठेवलंय माळ्यावर,
पाहुणे आले की काढायचं, झटकायचं.
मग शेंगाचटणी.
मग ऊन. पंचेचाळीसपर्यंत जातं ना हो तुमच्याकडं?
जातं. आम्हीच सोडून येतो तिथपर्यंत.
एखादा म्हणतो, ते बोला ना जरा,
ते 'करू लालोय', 'जाऊ लालोय'.
बोलतो. टाळी देतो.
मग आडनाव विचारतात.
येलदी.
अच्छा... म्हणजे मूळचे तुम्ही...
ती टिंबं वाक्यातून गळून टेबलावर पडतात.
मी टॉवेलनं पुसून घेतो.

वरंगलला उलटं.
तिथं मी अम्माची तेलुगू बोलतो,
अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत वाढलेली,
जिच्यात भाकरी आहे, किल्ली आहे, कंटाळा आहे,
कारण कंटाळ्याला आमच्या घरात दुसरा शब्दच आला नाही.
कोमरय्या दुकानदार चष्मा काढून डोळे पुसतो,
आतल्या बायकोला हाक मारतो,
ये गं, महाराष्ट्राचा माणूस बघ,
आपली भाषा बरी बोलतोय!
माझे पणजोबा याच जिल्ह्यातून निघाले होते
एक धोटा घेऊन, पायी,
हे सांगायचं असतं दर खेपेला.
चहा येतो.
चहा गरम असतो, पिऊन घेतो.

चादर शेवटी उघडायची.
लाल जमिनीवर पांढरा मोर,
पालटली की पांढऱ्यावर लाल.
खरी बाजू कुठली? सगळ्या गावांत हाच प्रश्न.
नान्नांना मी विचारलं होतं एकदा,
एकोणतीस वर्षं मागापाशी उभा राहिलेला माणूस,
ऐकायला तसं कमीच येतं आता.
म्हणाले, जी वर येईल ती.
आणि तंबाखू मळत बसले.
गिऱ्हाइकाला हे उत्तर चालत नाही.
मी मोराचं तोंड बघून कुठलीतरी एक सांगतो.

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
पॅकिंगला नवा पोरगा दिसला.
कहाँ से?
ओडिशा. गंजाम.
अरे बापरे, चक्रीवादळ!
माझ्याच तोंडातून, माझ्याच टाळीसकट.
त्यानं मान हलवली.
ती मान मी ओळखतो,
अठरा वर्षं वापरतोय.
हातातली पावती उगाच दोनदा वाचली.
म्हटलं, घर समुद्राजवळ?
नाही, म्हणाला, डोंगराकडं. काजू होतात.
पुढं काय विचारायचं ते सुचेना.
नाव विचारलं. बिचित्र.
मी हसलो नाही. एवढं जमलं.

दुपारी लाइट गेली, माग थांबले.
त्या शांततेत एकेकाचं बोलणं वेगळं ऐकू यायला लागलं,
कन्नड कोपऱ्यातलं, दाराशी दखनी, डब्यांजवळ तेलुगू.
बिचित्र पोत्यावर बसून घरी फोन करत होता.
मला त्यातलं काही कळत नव्हतं,
आणि मधेच, स्पष्ट,
'नाही बे'.
पलीकडून कुणीतरी इतकं मोठ्यानं हसलं
की मला इथपर्यंत ऐकू आलं.