मांडीवरचं नाव

दगड आला तेव्हा ओला होता.
खाणीतून नुकता निघालेला चुनखडीचा दगड
उकडलेल्या मक्यासारखा मऊ असतो,
महिनाभर वारा लागला की हट्टाला पेटतो.
म्हणून घाई.

वरून उतरत आलो.
आधी पिसारा, केत्झल पक्ष्याचा, पीस न् पीस.
मग कपाळावर मक्याचा देव,
कानांत जेड, छातीवर जेड,
कमरेला वाडवडिलांचे तीन मुखवटे.
एवढ्या गर्दीत राजा
शोधावा लागतो.
तो स्वतः येऊन म्हणाला, नाक अजून लांब.
केलं लांब.

तळाशी, पायांखाली, कैदी.
बघून घे एकदा, म्हणाले.
चौथऱ्यामागे बांधून ठेवला होता,
कानांतली जेड काढून कागदाच्या पट्ट्या ओवलेल्या,
दहाही बोटं मोडलेली.
मी वाकलो.
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.
"छिन्नी अजून उलटीच धरतोस," म्हणाला.

सोत्झ-मुयाल.
नदीच्या वरच्या अंगाला, एकाच म्हाताऱ्याकडे
आम्ही वाळू-पाण्याने दगड घासायला शिकलो,
तेव्हा या दोन नगरांत सोयरिकी व्हायच्या.
त्याने कोरलेली वटवाघळं रात्री उडून जातील म्हणून
आम्ही त्यांच्यावर ओलं फडकं टाकायचो.
हसायचो.

रीत आहे: कैद्याचं नाव त्याच्याच मांडीवर.
वटवाघळाचं डोकं, वर ढगाचं वेटोळं.
मी ते बोटभर खोल नेलं.
एवढं कशाला, मुकादमाने विचारलं.
म्हटलं, शत्रूचं नाव ठळक हवं,
तेवढाच विजय मोठा दिसतो.
पटलं त्याला.

बोटांना मात्र तीन दिवस हात लावला नाही.
इश-काबने आणलेला पोसोल
तुंब्यात आंबून गेला.
चौथ्या दिवशी कोरली.
दहाही सरळ. नखांसकट.
कोण खाली वाकून बघतंय?

काल दगड उभा राहिला.
शंख, कोपालचा धूर, लाल रंग, राजाचं रक्त,
सगळं झालं.
खड्डा मी वीतभर जास्तच खणायला लावला होता,
वजन फार आहे, म्हणालो.
कैदी छातीपर्यंत मातीत गेला.
मांडी गेली, बोटं गेली,
आणि बोटांशेजारी, बारीक अक्षरांत,
युशुल, म्हणजे कोरणारा, आणि पुढे मी.

आज पहाटेपासून झड लागली आहे.
लाल रंग ओघळून पायरीवर आला.
सगळे आडोशाला गेले.
मी इथेच उभा आहे,
राजाच्या लांब नाकाच्या टोकावरून
ठिबकणारं पाणी मोजत.