किमान एक विशेष चिन्ह

सक्करदऱ्यात, औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
कूलरची खस सुकत आली की मी उठतो,
मगभर पाणी मारतो तिच्यावर
आणि परत येऊन बसतो चौकटी कंसापुढे.

चौकटी कंस म्हणजे दारावरचा पहारेकरी.
त्याला सांगून ठेवायचं कोणाला ओळखायचं:
ए ते झेड, शून्य ते नऊ.
आणि कंसाच्या तोंडाशी एक बारकी टोपी चढवली
की अर्थ उलटा,
हे सोडून बाकी कोणीही.
या टोपीवर माझं पोट चालतं.

गोळीबार चौकातल्या विणकरांच्या पतसंस्थेचं काम होतं.
आठ अक्षरं, एक आकडा, किमान एक विशेष चिन्ह.
टोपी चढवली, ओळ चालवली, हिरवी खूण आली.
खाली जाऊन तर्री-पोहे खाल्ले, वरून दुसऱ्यांदा तर्री.

मेच्या शेवटच्या सोमवारी फोन. देवकाबाई नंदनवार.
"भाऊ, हे विशेष मागून राहिलं. विशेष काय टाकू?
आमच्या घरी तं काहीच विशेष नाही."
म्हटलं, हॅश, ॲट, डॉलर, काहीही चालते.
"डॉलर कुठून आणू बाप्पा!"
मग बराच वेळ बटणांचा टिकटिक आवाज,
मग, "घेतलं. घेतलं पाय त्यानं."

काय टाकलं, हे विचारायचं नसतं.
मी विचारलंही नाही.
त्यांनीच सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं:
धोटा राहिला बेचाळीस.
माग भंगारात गेला, म्हणाल्या, धोटा तेवढा राहिला,
आन् बेचाळीस त्याइच्या मागाचा नंबर.
मोबाइलवर मी मराठीतच लिवतो.
(इथं मी नंबर बदलला आहे. बाकी काना-वेलांटी त्यांचीच.)

फोन ठेवून माझीच ओळ पुन्हा वाचली.
हे सोडून बाकी कोणीही.
म्हणजे ध विशेष. ट विशेष.
दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा.
कळमन्यातला ळ विशेष,
आईला मारलेली हाक अख्खीच्या अख्खी विशेष,
सगळी टक्क्याच्या आणि उद्गारचिन्हाच्या रांगेत
एका टोपीखाली उभी.
मला हसू आलं, मग आलं नाही.

खुशाल सर म्हणाले, चूक आहे ही, दुरुस्त कर.
मी तिरकी रेघ आणि डब्ल्यू लावून पाहिला,
तो म्हणे सगळ्या लिप्या ओळखतो.
ध ओळखला. ट ओळखला.
राहिला-मधला र आत आला, ह आत आला, ल आला,
वेलांटी दाराबाहेरच,
चपला हातात धरून.

गुरुवारी सरांची यादी चढली. मोजून नऊ चिन्हं.
देवकाबाईंचा जुना म्हणून चालून जातो.
नव्वद दिवसांनी यंत्र म्हणेल, बदला.
मारबत निघायचा आठवडा असेल,
गल्लीत ढोल, आणि त्या ओरडून विचारतील,
भाऊ, काल-परवापर्यंत तं चालत होतं,
आता काऊन नाही?

उत्तर अजून सापडलं नाही.
यंत्र जिथं वाचत नाही त्या टिपेच्या ओळीत
एवढंच लिहून ठेवलं आहे:
वेलांटी बाहेर उभी आहे, आत घ्यायची आहे.
माझ्यानंतर या खुर्चीत जो बसेल त्यानं वाचलं तर वाचलं.

खस पुन्हा सुकली. मग कोणी नेला?