इतर

सूर हे या गावाचं नाव.
नेमणुकीचं पत्र वाचून आई म्हणाली होती,
बरं झालं, लागेल तुझा.

मंगळवारी मस्कतहून मंत्रालयाचा माणूस आला,
कडक इस्त्रीचा पांढरा दिशदाशा, खिशाला सोनेरी पेन,
आणि प्रसूती विभागाच्या भिंतीवर
त्यानं दोन रेषा सोडल्या.
हिरवी आमची, म्हणाला, केशरी तुमची,
माझ्याकडे आणि कोट्टयमच्या लिझीकडे बघत.
हिरवी धाडकन आलेली,
माडावरून नारळ यावा तशी.
केशरी केव्हापासून उतरतेय,
घाटातल्या म्हातारीसारखी, गुडघे धरत, थांबत.
आता दोघी जवळ आल्यात, तो म्हणाला,
जणू कुणाचं लग्न जमत होतं.

मागच्या खुर्चीत शम्सा बिंत खल्फान,
निवृत्तीला चार महिने उरलेली दाई.
ती बोटं मुडपत गेली.
आम्ही बारा भावंडं.
बाप गलबतांच्या कारखान्यात लाकूड तासायचा,
घरी आला की हाका मारताना नावं चुकायचा,
ज्याला हाक गेली तो उठायचा, भांडण नसायचं.
मला पाच.
माझ्या मोठीला एक, आणि ती म्हणते
बस, यम्मा, मला बँकेत बढती हवीय.
कारखान्यात यंदा एकच गलबत आहे,
तेही हॉटेलच्या दारात उभं करायला.

मी आमच्या वाडीचं सांगितलं नाही.
देवरुखच्या पुढे अकरा किलोमीटर,
शाळेत पोरं दोन, गुरुजी एक, खिचडीवाली एक,
दुपारी चार पानं पडतात
तीही मोठी माणसं धरून.
जाऊबाईला दुसऱ्याचं विचारावं
तर ती पहिल्याच्या फीची पावती पुढे करते.
घरचा पाळणा माळ्यावर. त्यात कांदे.

त्या दोन पोरांतला एक माझा.

निहार इथलाच, याच मजल्यावर,
खिडकीकडच्या खाटेवर, शम्सानंच काढलेला.
मेथी, मध, मिरी उकळून तिनं पेला तोंडाला लावला,
चाळीस दिवस पाय खाली टाकू नकोस.
आमच्यात सव्वा महिना असतो, मी म्हटलं.
तिनं हिशेब केला:
म्हणजे अडीच दिवस माझ्याकडचे.

पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद मांडला,
शेजारी नवऱ्यानं सुपरमार्केटातलं निळं बॉलपेन.
सटवाई येते, लिहिते, जाते;
आपण झोपेचं सोंग घ्यायचं.
सकाळी कागद कोरा, तो कधी नसतो म्हणा.
नवरा म्हणाला, तिला व्हिसा मिळाला नसेल.
मी हसले. टाके दुखेपर्यंत.
नंतर टाके नसतानाही ते आठवलं की
तिथंच दुखतं.

सव्वा वर्षाचा झाल्यावर विमानातून नेऊन
आईच्या मांडीवर ठेवला आणि आठव्या दिवशी परतले.
आता तो आजारी पडला तर शाळेचा पट अर्ध्यावर येतो.
गुरुजी फोन करतात मला, ताप किती विचारायला.

काही प्रश्न? मंत्रालयाचा माणूस म्हणाला.
लिझी नखं बघत होती. मी उभी राहिले.
इथं जन्मलेला, तिथं वाढणारा,
तो कुठल्या रेषेत?
त्यानं दोन्ही रेषांवरून बाण फिरवला,
मोघम, पाहुण्यानं भिंतीवरचे फोटो बघावेत तसा.
त्यांचा रकाना वेगळा, मॅडम. इतर.
दाखवा ना.
आज आणलेला नाही.

तेवढ्यात दोन नंबरातून हाक आली,
सिलहटच्या शिंप्याची बायको, दिवस भरायच्या आधीच.
धावताना हाताला लागलं ते पेन उचललं.
मुलगी. दोन किलो शंभर. रडली उशिरा,
पण रडली मग साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी.
शम्सा बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.
लिझीनं कपाळावर अंगठा टेकवला.
मी वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं,
आणि नोंदवही मिटताना पाहिलं,
पेन सोनेरी होतं.
द्यायचं राहूनच गेलं परत.