आलं का?

डॉक्टरांनी दूध बंद केलं
आणि मी कोऱ्या चहाकडे बघितलं
गडचिरोलीला बदली झालेल्या कारकुनासारखं.
दस्तगीर तांबोळी म्हणाला, बरं झालं.
इतकी वर्षं तू दूधच प्यायलास.

रविवार पेठेत, चहाच्या डेपोवर, त्याची एकेचाळीस वर्षं गेली.
ममरी, डस्ट, लांब पत्ती,
तीन पेट्यांतलं मुठीनं एक करून
अख्ख्या गल्ल्यांची सकाळ तो ठरवायचा,
आणि घरी, कसब्यात, तांबट आळीच्या मागे
स्वतः बिनदुधाचा प्यायचा.

मला त्यानं मंडईत पिटाळलं.
सातारी आण. धुतलेलं नको.
मोडताना आवाज झाला पाहिजे,
दोऱ्या निघाल्या तर तिथंच ठेव.
तिसरी कांडी मोडल्यावर गाळ्यावरची बाई म्हणाली,
काका, घेणार आहात की नुसतीच मोडतोड?

किसायचं नाही, ठेचायचं.
खलबत्त्यात चार घाव, पाचवा नको.
बाहेर तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडत होत्या,
आमचे चार त्यांच्यात कुठे गेले कळलं नाही.
पाण्यात आधी आलं, मग पूड, मग गॅस बंद, वर झाकण.
उकळत ठेवलास तर काढा होईल, तो म्हणाला,
आणि काढा प्यायला माणूस आजारी लागतो.

पहिला घोट मी घेतला तो आमच्या पद्धतीनं,
ओठ मिटून,
शेजारच्या खोलीत कळू नये असा.
तांबोळी हसला.
आवाज कर. हवा आत ओढ. भुरका मार.
ज्याच्यासाठी लहानपणी पाटावरून उठवलं होतं
ते साठी उलटल्यावर कुणी शिकवेल
असं वाटलं नव्हतं.
फुर्रर्र.

आधी काहीच नाही. गरम पाणी, तांबूस.
मग जिभेच्या कडांना तुरट,
सुपारीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेलं.
मग तेही ओसरतं, वाटतं संपलं,
कप खाली ठेवावा,
तेवढ्यात मागून, घशाच्या अंधारातून,
पंगत उठता उठता आलेल्या पाहुण्यासारखं
आलं आलं.

मी म्हणालो, आलं.
कुठं?
इथं, गळ्याखाली. आता कानापर्यंत.
कानापर्यंत म्हणजे फसवलं नाही तुला, तो म्हणाला.

मग त्यानं आपला कप उचलला.
भुरका असा, की वळचणीचं कबूतर उडालं.
डोळे मिटले. बराच वेळ काही बोलला नाही.
मी विचारलं, आलं का?

नाही, म्हणाला.
गणपतीत ताप आला होता बघ, तेव्हापासून वास गेलाय.
गरम कळतं. कप जड आहे ते कळतं.
डेपोवरची पोरं अजून नमुने घेऊन येतात,
मी मान डोलावतो.
सुनेनं उद्या रॉकेल दिलं तरी छान म्हणेन.

मी काहीतरी बोलणार होतो, वाईट झालं वगैरे,
त्यानं हात वर केला.
तू सांग. सावकाश. खोटं नको.

हल्ली रोज साडेचारला,
पेठेतली शटरं वर जातात त्या सुमाराला,
मी कसब्यात जातो.
एक घोट, मग शब्द.
तुरट, तिखट, उग्र, एवढ्यात मी संपतो.
तेवढ्यावर तांबोळीचं भागत नाही.
परवा म्हणालो, कल्हईवाल्याच्या भात्याजवळ उभं राहावं तसं;
तो म्हणाला, पूड जास्त झाली.
काल म्हणालो, ट्रंकेतली शाल उघडल्यासारखं;
त्यानं परडीतलं आलं हातात घेऊन चाचपलं,
सुकलंय, म्हणाला, आणि शाल कुणाची ते विचारलं.
मी सांगितलं.
चहा गार झाला त्यात.

तो पूर्ण कप पितो, आवाजासकट.
मधेच थांबतो, माझ्या तोंडाकडे बघत,
स्वारगेटला गाडीची वाट बघणाऱ्याच्या चेहऱ्यानं:
आलं का?

थांब, म्हणतो मी.
येतंय.