काय ठरलं, वहिनी?

नबीलाल मिस्त्री न्हाणीच्या दारात उभा,
कानावर पेन्सिल, हातात छिन्नी.
"काय ठरलं, वहिनी? फोडू का ठेवू?"

आठ दिवस झाले, ठरत नाही.
पुण्याहून श्रेणिकनं फोटो पाठवलेत
कुठल्याशा रिसॉर्टचे :
तांब्याच्या घंगाळाचं बेसिन केलंय,
कोनाड्यात दिवा, खाली काळी फरशी.
"आई, लोक लाखभर घालतात असल्या लूकला.
आपल्याकडं तर सगळं खरंखुरं आहे."

लूक.
तीस वर्षं त्या लूकला मी चिंच लावली.
पहाटे पाचाला बंबात शेणी, वर उसाची चिपाडं,
फुंकून फुंकून डोळे लाल.
पहिलं पाणी सासऱ्यांचं, मग यांचं, मग पोरांचं.
माझी पाळी येईतो बंबात राख
आणि बुडाशी चार तांबे कोमट.
हे अजून म्हणतात, त्या पाण्याला धुराचा वास असायचा,
काय सुरेख!
माझ्या केसांनाही असायचा.
त्याला कुणी सुरेख म्हटलं नाही.

शनिवारी दोघं स्टेशन रोडला गेलो.
शोरूममधला पोरगा, गळ्यात टाय,
"काकू, ट्रॅडिशनल का मॉडर्न?"
खानावळीत विचारतात ना, तांबडा का पांढरा,
तसं.
आणि आम्ही तर दोन्ही न खाणारे.

त्यानं एक टाईल काढली, काळी, खरबरीत,
वर टाकीच्या खुणासुद्धा छापलेल्या.
"हुबेहूब दगड, पण दगड नाही.
शेवाळ धरत नाही. फुटाला एकशे चाळीस."
यांनी चष्मा लावला, अंगठ्यानं घासून बघितलं,
म्हणाले, "आमचा खरा आहे, तो फोडायचाय."
पोरगा हसला.
हे हसले नाहीत.

तो दगड मलाही तोडवत नाही, खोटं कशाला बोलू?
पुराच्या साली शुक्रवार पेठेत पाणी शिरलं,
दारं फुगली, फ्रिज आडवा झाला,
प्लायवूडचं कपाट बिस्किटासारखं विरघळलं.
आठव्या दिवशी परत आलो तर घरभर गुडघाभर गाळ.
दगडावर दोन बादल्या ओतल्या,
तो होता तसा.
पहिल्यांदा तिथंच बसले मी, ओल्या साडीत,
घरात बसण्यासारखी तेवढीच जागा होती.

पण गेल्या माघात यांचा गुडघा बदलला.
पाटावर बसवेना, उकिडवं तर नाहीच.
महिनाभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून
मी यांना अंघोळ घातली.
दगडाच्या उतारावर खुर्ची डुगडुगायची,
एका पायाखाली शहाबादीचा तुकडा सरकवायचे,
एका हातानं खांदा धरायचे, दुसऱ्या हातात तांब्या.
त्या महिन्यात एकदाही हे म्हणाले नाहीत,
जुनं ते सोनं.

"लिही, नबीलाल.
पांढरी टाईल, छतापर्यंत. खाली खरबरीत, घसरायला नको.
उंबरा काढ. दोन दांड्या, एक यांच्या उंचीची,
एक माझ्या.
शॉवर हातात धरता येईल असला.
गीझर पंचवीस लिटरचा,
आणि त्यातलं पहिलं पाणी माझं, हेही लिही."

नबीलालनं खरंच लिहिलं, भिंतीवर, पेन्सिलीनं.
"आणि दगड?"
"उचल. मागच्या दारी नळाखाली टाक."
"चौघं लागतील, वहिनी. धुणं करणार काय त्यावर?"
"मशीन आहे की."
"मग?"
"असू दे रे."

यांना वाटतंय, मी नव्याच्या बाजूची.
श्रेणिकला वाटतंय, आईला जुन्याची किंमत नाही.
बंबाचं तर ठरलंच आहे.
भंगारवाल्यानं काट्यावर घातला, अकरा किलो भरला,
पैसे मोजायला लागला,
तर म्हटलं, आतली राख झाडायची राहिलीय,
मंगळवारी ये.

आज तिसरा मंगळवार.