पिवळ्या चिठ्ठ्या

वॉशिंग्टनला कागदावर सही झाली
आणि आमचं नदीकाठचं गाव
राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.
उद्यान म्हटल्यावर मी आधी झाडं पाहिली.
होती तेवढीच होती.

सोमवारी ती पोरगी आली, सपाट काठाच्या टोपीतली,
कमरेला मोजपट्टी, हातात पिवळ्या चिठ्ठ्यांची गड्डी.
म्हणाली, मिस्टर पोलीट, तुम्ही सुतार,
हे खांब तुमच्याइतके कुणाला ठाऊक?
कुठला अस्सल, कुठला मागाहूनचा, तेवढं सांगा.
मागाहूनच्यावर चिठ्ठी.

इथली जुनी फ्रेंच घरं जोत्यावर बसत नाहीत.
सीडरचे ओंडके तासून उभेच्या उभे जमिनीत गाडलेले,
फटींत चिखल, गवत, घोड्याचे केस.
पाय रोवून उभं राहणं म्हणतात ते हेच,
फक्त पाय कुजतात.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे जागच्या जागी, राज्यंच फिरली:
फ्रान्स, मग स्पेन, पुन्हा घटकाभर फ्रान्स,
मग हे चांदण्यापट्ट्यांचं निशाण.
खांबांना कुणी कळवलं नाही.

मी बोट दाखवत गेलो.
हा बापानं बसवलेला. हाही.
हा माझा, त्र्याण्णवच्या पुरानंतरचा,
तेव्हा पाद्रीसुद्धा वाळूच्या गोण्या भरत होता.
दुपारपर्यंत पश्चिमेची भिंत पिवळीधमक,
माझी चाळीस वर्षं वाऱ्यावर फडफडत होती.

(आमच्यात फ्रेंच येणारा शेवटचा माणूस बाप.
पत्ते मोजायला, आणि शिव्या द्यायला.
त्यातलं काही फलकावर घेण्यासारखं नाही.)

मग स्वयंपाकघराच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर,
चुन्याचा पोपडा निघाला
आणि आत, वाळल्या चिखलात,
अंगठा.
लहानसा. नखाची कोरसुद्धा.

पोरगी खालीच बसली.
तिच्या फाइलीत या घराची पहिली यादी होती,
मालक वारला तेव्हाची. तिनं वाचली:
बैल दोन.
मुलगी एक, लिझेत, वय आठ.
तांब्याचं पातेलं, तळाला ठोकलेलं.

व्हर्लीन बास्तिएनला फोन गेला.
ती लायब्ररीतून तशीच आली, चष्मा केसांत.
तिची माणसं त्याच यादीत, पुढच्या पानावर.
तिनं अंगठ्याजवळ अंगठा नेला,
टेकवला नाही.

आणि मला घाम फुटला.
बावन्न साली, मी सात वर्षांचा,
बाप भिंत लिंपत होता
आणि मी ओल्या चिखलात अंगठा दाबला होता.
मुस्काटात बसली.
भिंत हीच, की उत्तरेची?
गाल अजून सांगतो कुठला ते,
भिंत सांगत नाही.

गप्प बसता आलं असतं.
फलक चांगला झाला असता.

सांगून टाकलं.
पोरीचा चेहरा उतरला, हात गड्डीकडे गेला.
व्हर्लीन वाकलेलीच होती.
"तुझ्या बापाला हा चिखल कालवायला कुणी शिकवलं?"
म्हाताऱ्या झेनॉननं, मी म्हणालो.
गवत किती, केस किती, कितीदा तुडवायचं,
मुठीत दाबल्यावर कसा आवाज यायला हवा.
"झेनॉन माझ्या आजोबांचा भाऊ," ती म्हणाली.
"आणि त्याला कुणी?"

मक्याच्या शेतावरून वारा आला,
दोन चिठ्ठ्या सुटून अंगणात पडल्या.
कुठल्या खांबाच्या, आता कळायला मार्ग नाही.
पोरगी चिठ्ठी धरून उभी,
गोंद तिच्याच बोटाला चिकटलेला.

पाच वाजले, उद्यान बंद करायचं होतं.
व्हर्लीननं दारात वळून पाहिलं.
शनिवारी येते, म्हणाली, जुने बूट घालून.
घोड्याचे केस तू बघ कुठे मिळतात ते.