अधिक-उणे

मांडीचं हाड फळीवर आडवं ठेवते,
एक टोक भिंतीला टेकवून,
दुसऱ्या टोकाशी ठोकळा सरकवत आणते.
बेचाळीस सेंटीमीटर.
हाडाला नाव नाही, पेटीला आकडा आहे,
तोही पेन्सिलीने. कधी कधी खोडावा लागतो.

सूत्र मला पाढ्यासारखं पाठ आहे:
हाडाची सव्वादोन पट, वर चौसष्ट.
एकशे साडेअठ्ठावन्न.

आधीचं सूत्र परक्या देशाचं होतं,
तिथल्या उंच सैनिकांच्या हाडांवरून काढलेलं.
त्यात आमची डोंगरातली माणसं घातली
की मेल्यावर सगळीच दोन बोटं वाढायची.
मग कुणीतरी इथल्याच शवागारात बसून
एकेक माणूस मोजला, एकेक ठिपका दिला.
दीडशे ठिपके झाल्यावर त्यांच्यामधून एक रेघ.

मी नवी होते तेव्हा विचारलं होतं,
ही रेघ नेमकी कुणाची?
ओदिलिया म्हणाली, सगळ्यांच्या जवळून जाते,
कुणाच्याच दारात थांबत नाही.

चुकांचा वर्ग का करायचा तेही तिनेच सांगितलं.
नाहीतर याचं जास्त त्याच्या कमीत जिरून जातं,
बेरीज शून्य येते,
आणि शून्य बघून साहेब म्हणतो, सगळं ठीक आहे.
वर्ग केला की उणंही बोलू लागतं.

त्या चौसष्टाचं मात्र मला अजून कोडं आहे.
हाडाच्या जागी शून्य घाला,
तरी सूत्र सांगतं, उंची चौसष्ट.
हाडच नाही, आणि तरी कुणीतरी आहे,
अंगावर पिणाऱ्या पोराएवढं.
ओदिलिया म्हणते, रेघ तिथवर ओढायची नसते.

मंगळवारी नेबाखहून दोन्या हासिंता मातोम आल्या.
दोन बस बदलून, सहा तास,
मांडीवर भोपळ्याच्या पानांत गुंडाळलेले बोशबोल,
आम्हा सगळ्यांना पुरतील इतके.
त्यांना स्पॅनिश थोडं, मला इशिल मुळीच नाही.
मध्ये भाची बसली, एल्विरा.

मी म्हणाले, एकशे साडेअठ्ठावन्न,
अधिक-उणे साडेतीन.
एवढंसं सांगायला एल्विराला फार वेळ लागला.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,
उणे नको. अधिक धरा.

मेल्चोर वेलावरचे गुइस्किल
स्टुलावर न चढता काढायचा, म्हणाल्या.
शेजारणी त्याला हाक मारून न्यायच्या.
मग उठल्या, भिंतीपाशी गेल्या,
चपला काढल्या (का, ते मी विचारलं नाही),
डोळे मिटून हात वर नेला.
हात आधी जरा खाली थांबला,
मग वर सरकला,
आणि केसांवर ठेवावा तसा हलका ठरला.
मी पेन्सिलीने खूण केली.
त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा टेप लावली.
एकशे चौसष्ट.

साडेपाच सेंटीमीटर उरतात.
गणितात अशा उरलेल्याला अवशेष म्हणतात.
पेटीवर छापलेला शब्दही तोच.

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं.
धाकटाही त्याच खड्ड्यात असणार, नऊ वर्षांचा.
त्याची सांगाल का?
मी म्हणाले, हे सूत्र मोठ्यांचं आहे,
वाढ पुरी झालेल्या हाडांचं.
एल्विराने माझ्याकडे पाहिलं.
हे वाक्य तिने इशिलमध्ये नेलं नाही.

रक्ताचा अहवाल यायला अजून सात महिने आहेत.
तोवर फॉर्ममध्ये एक रकाना: अंदाजे उंची.
नियमाप्रमाणे लिहिलं,
एकशे पंचावन्न ते एकशे बासष्ट.
वरचे दोन सेंटीमीटर भिंतीवर आहेत.